शेतातला जंतू पानथरीत कसा पोचला?

गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका मुलाने वडिलांविषयी विचारलं आहे. वडील ५८ वर्षांचे, बारा वर्षांचा मधुमेह, घरची भातशेती. सोरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, लावणी आटोपली आणि जुलैअखेर ताप भरू लागला. एक्स-रेत छातीत डाग दिसला, वजन झरझर उतरलं. थुंकीत काही सापडलं नाही, तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. पाच आठवडे झाले तरी ताप हटेना. मग कोणीतरी पोटाची सोनोग्राफी करवली, तर पानथरीत (प्लीहेत) तीन-चार गळवं. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ‘बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय’ हा जंतू आला. रोगाचं नाव मेलिऑइडोसिस. चार आठवडे शिरेतून इंजेक्शनं झाली, गणेशचवथ इस्पितळातच गेली. आता ते घरी आहेत आणि आणखी तीन महिने गोळ्या घ्यायच्या आहेत. मुलाचे प्रश्न असे: हा जंतू आला कुठून? घरात दोन लहान मुलं आहेत, त्यांना लागेल का? पहिल्या डॉक्टरांचं चुकलं का? एवढे दिवस गोळ्या कशासाठी? आणि बाबांना वायंगणाला, म्हणजे हिवाळी भाताला, शेतात उतरू द्यायचं का?

मी रोगी तपासणारा डॉक्टर नव्हे. माझ्याकडे रोग्याचं रक्त, पू आणि थुंकी येते. तीस वर्षं मी प्लेटवर उगवलेले जंतू बघतो आहे. त्यामुळे औषधांचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. जंतूंबद्दल मात्र हक्काने बोलतो.

आधी मुलांचं. त्यांना लागणार नाही. माणसाकडून माणसाला हा रोग गेल्याच्या नोंदी साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. वडिलांचं ताट-पेला वेगळा काढला असेल तर आजच परत मांडणीत ठेवा. नातवंडांना मांडीवर बसू द्या. एखाद्या जखमेतून पू वाहत असेल तर ती बांधताना हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. एवढं तर कुठल्याही पुवाळलेल्या जखमेला करायला हवंच.

आला कुठून, तर पायाखालून. हा मातीतला जंतू आहे. त्याला जगायला माणूस लागत नाही, गुरं लागत नाहीत. ओली माती पुरते. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, सुकतो, तेव्हा तो खाली ओलाव्यात टिकून राहतो. म्हणूनच मातीत त्याचा शोध घेणारे लोक साधारण ३० सेंटिमीटर खोल खणून नमुना घेतात. पाऊस लागला की तो वर येतो, चिखलात आणि साचलेल्या पाण्यात मिसळतो. नेमकं त्याच वेळी आपण अनवाणी पायांनी त्यात उभे असतो. पायाला कुठेतरी चीर असते, टाचेला भेग असते, नाहीतर बोटांमध्ये चिखली झालेली असते. तेवढी वाट त्याला पुरते. वादळी पावसात उडालेले बारीक तुषार श्वासातून जातात तीही एक वाट आहे, आणि न उकळलेलं पाणी ही तिसरी. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण एक ते एकवीस दिवस जातात. लावणी कधी झाली आणि ताप कधी आला, तारखा तुम्हीच ताडून बघा.

त्याच चिखलात तुमची आई, काका, कामाला आलेल्या बायकाही होत्या. त्यांना का नाही झालं? कारण वडिलांना मधुमेह आहे. या रोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह असतो. साखर वाढलेली असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला धरतात खऱ्या, पण मारण्यात कमी पडतात. शिवाय बारा वर्षांच्या मधुमेहात पावलं बधिर होतात. काटा रुतलेला कळतच नाही. मधुमेहाखालोखाल दारू, मूत्रपिंडाचा जुना आजार, फुफ्फुसाचा जुना आजार आणि थॅलेसेमिया. धडधाकट माणसाच्या अंगात हा जंतू शिरला तर बहुतेकदा काहीच होत नाही.

शेताची माती तपासून घ्यावी का, असंही तुम्ही विचाराल. नको. एका खड्ड्यात नाही सापडला तर दोन हात पलीकडे सापडेल. आणि सापडला तरी शेत काय टाकून देणार आहात?

हा रोग नवा नाही. रंगूनमध्ये अल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी या दोघांनी १९१२ साली त्याचं पहिलं वर्णन छापलं. तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. त्यांना शवविच्छेदनात असा जंतू सापडला जो घोड्यांच्या ग्लँडर्सच्या जंतूसारखा दिसत होता, पण तो नव्हता. पुढे लोक याला ‘व्हिटमोरचा रोग’ म्हणू लागले. कृष्णस्वामींचं नाव कुठे गळालं ते सांगायची गरज नाही.

आता पहिल्या डॉक्टरांविषयी. तुमच्या प्रश्नातला राग मला कळतो, पण मी त्यांना सरसकट दोष देणार नाही. न हटणारा ताप, उतरलेलं वजन, फुफ्फुसात वरच्या भागात डाग. हे चित्र आपल्या देशात शंभर डॉक्टरांसमोर ठेवलं तर बहुतेक जण टीबीच म्हणतील, आणि बहुतेक वेळा ते बरोबर ठरतील. मेलिऑइडोसिस सोंगाड्या आहे. कधी तो न्यूमोनिया होऊन येतो, कधी सांध्यात पू, कधी मूत्रपिंडात, कधी पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये गळू. लहान मुलांत कानाखालच्या लाळग्रंथीला सूज येते, आणि घरचे गालगुंड म्हणून लेप लावत बसतात. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. थुंकीची सीबीनॅट ही टीबीची तपासणी कोरी आली होती, आणि दोन-तीन आठवड्यांत गोळ्यांनी तसूभरही फरक पडला नव्हता. तेव्हाच रक्ताचं साधं कल्चर पाठवायला हवं होतं. पाच आठवडे थांबायला नको होतं. टीबीच्या गोळ्या आता बंद केल्या ते योग्यच दिसतं. दोन्ही रोग एकत्र असू शकतात, पण टीबीचा पुरावा कुठेच नसेल तर त्या गोळ्या यकृताला उगाच भार.

आणि दोष वाटायचाच तर त्यातला एक वाटा मला माझ्या पदरात घेतला पाहिजे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत नव्हे. खूप वर्षांपूर्वी.

मी एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नुकताच लागलो होतो. भर पावसाळा. एका रेंदेराच्या गुडघ्यातला पू आला. माडावर चढणारा माणूस, साखर वाढलेली, रोजची फेणी. शुक्रवारी नमुना पेरला. शनिवारी ब्लड आगरवर (जंतू वाढवायच्या खाद्यावर) जंतूंच्या टाचणीच्या टोकाएवढ्या, गुळगुळीत, मळकट पांढऱ्या वसाहती. ऑक्सिडेज या ओळख-चाचणीचा थेंब टाकला, कागद जांभळा झाला. मी वहीत एका नेहमी भेटणाऱ्या जंतूचं नाव लिहिलं, ‘स्यूडोमोनास, बहुधा बाहेरून मिसळलेला’, आणि तसाच रिपोर्ट धाडला. वॉर्डमधल्या डॉक्टरांनी स्यूडोमोनास वाचलं आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जेंटामायसिन सुरू केलं. सोमवारी आलो तेव्हा ती प्लेट टाकून द्यायची राहून गेली होती. वसाहती सुकून सुरकुतल्या होत्या, थंड दुधावरच्या सायीला बोट लावल्यावर पडतात तशा चुण्या. हे स्यूडोमोनास दिसत नाही एवढं मला कळलं. वॉर्डात फोन केला. रुग्ण रविवारी रात्रीच गेला होता.

जेंटामायसिनला हा जंतू उपजतच दाद देत नाही. कोलिस्टिनलाही नाही. हे पुस्तकात लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं. पण पुस्तकातला जंतू आपल्या टेबलावर येईल असं डोक्यात नव्हतं.

त्या दिवसापासून एक सवय लागली. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह असा कुठलाही ग्राम-निगेटिव्ह (ग्रामच्या रंगाने गुलाबी दिसणारा) जंतू रक्तातून किंवा गळवातून आला की त्यावर तीन औषधांच्या चकत्या ठेवायच्या: जेंटामायसिन, कोलिस्टिन आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक. पहिल्या दोन चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत जंतू वाढला आणि तिसरीभोवती स्वच्छ वर्तुळ पडलं, तर मी फोन उचलतो. रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघत नाही. याला महागडं यंत्र लागत नाही, तालुक्याच्या लॅबलाही परवडतं. उलट यंत्रंच कधी कधी फसवतात. ओळख पटवणारा एक जुना, नावाजलेला संच याला क्रोमोबॅक्टेरियम म्हणतो, दुसरं स्वयंचलित यंत्र याच्या चुलतभावाचं, सेपेशियाचं, नाव छापतं. छापील नाव आलं की माणसाचा विश्वास बसतो, ती जास्त मोठी पंचाईत.

अ‍ॅशडाउन नावाचं एक खास खाद्य असतं. त्यात मुद्दाम जेंटामायसिन घालतात, म्हणजे इतर जंतू मरतात आणि हा एकटा उगवतो. जी गोष्ट त्या रेंदेराला नडली तीच इथे कामाला येते. त्यावर चार दिवसांनी वसाहती जांभळ्या आणि सुरकुतलेल्या होतात, अगदी अंगणात वाळत घातलेल्या सोलांसारख्या. नव्या पोरांना मी असंच सांगतो: प्लेटवर आमसुलं दिसली की मला हाक मारा. आणि दुसरं सांगतो, प्लेट हुंगू नका. आमच्या धंद्यात जंतू वासाने ओळखायची जुनी खोड आहे. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो म्हणून या प्लेटला नाक लावलेले लोक मला माहीत आहेत. त्यांना नंतर कित्येक दिवस प्रतिबंधक गोळ्या खाव्या लागल्या.

आणखी एक. एकदा कल्चर कोरं आलं म्हणून हा रोग नाही असं म्हणता येत नाही. खऱ्या रुग्णांपैकी जेमतेम ६० टक्क्यांमध्ये कल्चर जंतू दाखवतं. म्हणून रक्त, लघवी, थुंकी, घशाचा बोळा आणि पू, जे मिळेल ते सगळं पाठवावं लागतं, आणि पुन्हा पाठवावं लागतं.

तुम्ही लिहिलंत, ‘असा दुर्मीळ रोग आमच्याच नशिबी का?’ या ‘दुर्मीळ’वर माझा विश्वास नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे १,६५,००० लोकांना हा रोग होतो आणि त्यातले ८९,००० दगावतात. त्यात साधारण ४४ टक्के वाटा दक्षिण आशियाचा. प्रत्यक्ष नोंदी त्या मानाने किरकोळ. कर्नाटक किनाऱ्यावरच्या मणिपाल-मंगळूर पट्ट्यातून मात्र गेली कित्येक वर्षं एकामागून एक रुग्ण नोंदले गेले आहेत. तिथली माती वेगळी आहे का? तीच जांभी, तोच पाऊस, तीच भाताची खाचरं. फरक इतकाच की तिथे बघणारे आहेत. गोवा-कर्नाटक सीमेवरच्या पोळेंच्या नाक्यावर गाड्या अडवतात, जंतूला कोणी अडवत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्याकडे दर पावसाळ्यात असे काही रोगी टीबी, लेप्टोस्पायरोसिस किंवा ‘मधुमेह्याचं सेप्टिक’ या नावांखाली येतात आणि जातात.

बघायची सवय नसली की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत २०२१ साली घडलं. चार वेगवेगळ्या राज्यांतले चार जण मेलिऑइडोसिसने आजारी पडले, त्यातले दोघे गेले. चौघांपैकी कोणीही परदेशी गेलेलं नव्हतं. जंतूची जनुकं मात्र दक्षिण आशियातल्या जंतूंशी जुळत होती. महिनोन् महिने शोध घेतल्यावर जंतू मिळाला तो घरात मारायच्या सुगंधी फवाऱ्याच्या बाटलीत, आणि ती बाटली बनली होती भारतात. आपला जंतू तिकडे पोचला तेव्हा जगाने बातमी केली. इथे तो रोज पायाखाली असतो.

याच जातीची, म्हणजे माती-पाण्यात सुखाने राहणारी आणि संधी मिळाली तर माणसात शिरणारी आणखी काही मंडळी आहेत. तुम्ही त्यांच्याबद्दल विचारलेलं नाही, पण गोव्यात राहणाऱ्याने ती ओळखून असावं म्हणून सांगतो.

वर जिचं नाव आलं ती क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम. ही प्लेटवर अशी उगवते की शाईची दौत लवंडली वाटावी, गर्द जांभळी. रंग सुंदर, रोग भयंकर. साचलेल्या पाण्यात पोरं खेळतात, पायाला लहानसं खरचटतं, तिथे फोड येतो आणि काही दिवसांत यकृतात गळवं होऊन मूल अत्यवस्थ होतं. नेहमीच्या पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन इंजेक्शनांना ती दाद देत नाही. सुदैवाने खरोखरच फार क्वचित भेटते, आणि रंगामुळे तिला चुकवणं कठीण. रंग न बनवणाऱ्याही तिच्या काही जाती असतात, तिथे मात्र आम्ही गोत्यात येतो.

खाऱ्या-गोड्या पाण्याच्या संगमावरचा व्हिब्रिओ व्हल्निफिकस. मांडवी-जुवारीसारखी नदीमुखं, खाजनं (खाडीकाठची खारी शेतं), मानशीजवळचं (बांधातल्या झडपेजवळचं) पाणी, सगळं त्याच्या आवडीचं; कोमट आणि मचूळ. अमेरिकेत तो कच्च्या कालवांतून पोटात जातो. आपल्याकडे कालवं, तिसऱ्या, शिणाण्या शिजवूनच खातात. मात्र हल्ली किनाऱ्यावर काही ठिकाणी शिंपल्यात कच्चं कालव लिंबू पिळून पुढे करतात. लिंबाने हा जंतू मरत नाही. यकृत बिघडलेल्या माणसाने, म्हणजे मुख्यतः जुन्या दारुड्याने, ते तोंडाला लावू नये. आपल्याला त्याची खरी भीती जखमेतून. कुर्ली साफ करताना नांगी लागते, कालवं खरवडताना धारदार कवचाने हात कापतो, सुंगटाचा काटा घुसतो. शंभरातल्या नव्याण्णव वेळा काही होत नाही. पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हात सुजून टम्म झाला, जखमेच्या मानाने वेदना कैकपट वाढली, काळपट पाण्याचे फोड आले, तर हळद दाबत बसू नका. तासांचा हिशेब असतो. कधी कधी तातडीने कापून मेलेलं मांस काढावं लागतं. आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: खाऱ्या पाण्यातल्या वस्तूने कापलं आहे.

मासळीशी संबंध असलेला तिसरा अगदी वेगळ्या चालीचा. मायकोबॅक्टेरियम मरिनम, टीबीच्याच कुळातला. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत पहिल्यांदा ओळखला गेला. हा घाई करत नाही. बोटाला एक गाठ येते, महिन्याभरात मनगटाकडे दुसरी, मग कोपराकडे तिसरी, माळेसारखी. दुखतही नाही फारसं. घरी काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांना आणि मासे साफ करणाऱ्यांना होतो. याला ३०-३२ अंशांची थंडाई आवडते, म्हणून तो कातडीतच राहतो. लॅबमध्ये आम्ही सगळं ३७ अंशांवर ठेवतो. फॉर्मवर कोणी ‘मासळी’ लिहिलं नाही तर आम्ही त्याला उकाड्यात ठेवून ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट देतो. त्यात आमची चूक म्हणायची की फॉर्मची?

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी टाक्याजवळ गाठ येऊन पाणी झरू लागतं, तेही याच कुळातल्या नळाच्या पाण्यात राहणाऱ्या जंतूंचं काम. उपकरणं औषधात बुडवून शेवटी साध्या पाण्याने विसळली की हे परत चिकटतात. तिथेही टीबीच्या गोळ्या सुरू होतात, आणि तिथेही त्यांचा उपयोग होत नाही. हा विषय मोठा आहे, इथे सोडतो.

परत तुमच्या वडिलांकडे. तीन महिने गोळ्या कशाला, तर हा जंतू लपून बसतो. पेशींच्या आत शिरतो, गळवाच्या भिंतीआड राहतो. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडे युद्धकैदी असलेल्या एका अमेरिकन सैनिकात तो ६२ वर्षांनी जागा झाल्याची नोंद आहे. म्हणून उपचाराचे दोन टप्पे. पहिला शिरेतून, सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, जीव वाचवण्यासाठी. पानथरीत गळवं असली की तो चार आठवड्यांपर्यंत लांबतो. दुसरा गोळ्यांचा, मुळं खणून काढण्यासाठी. सेफ्टाझिडिमची किंमत कळायला एक आकडा पुरे: १९८९ साली थायलंडमधल्या चाचणीत त्याआधीच्या उपचारांवर १०० पैकी ७४ गंभीर रुग्ण दगावत होते, सेफ्टाझिडिमवर ३७. गोळ्यांच्या टप्प्याला पूर्वी दोन-दोन औषधं देत. २०१४ च्या थायलंडमधल्याच चाचणीनंतर एकटं को-ट्रायमॉक्सॅझोल पुरतं हे नक्की झालं. जुनी, स्वस्त सल्फाची गोळी. ताप गेला, भूक लागली, की माणूस दुसऱ्या महिन्यात ती सोडून देतो. रोग उलटण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच. वडिलांना बरं वाटतंय म्हणून गोळ्या तुमच्या हातातच ठेवा.

पण ही गोळी निरुपद्रवी समजू नका. लघवीच्या साध्या संसर्गाला देतात त्याच्या दुप्पट मात्रा असते. अंगावर पुरळ, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टर गाठा. रक्तातल्या पेशी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पोटॅशियम सुरुवातीला दर आठवड्याला तपासलेलं बरं. तुम्ही वडिलांच्या औषधांची यादी दिली आहे, त्यात ब्लडप्रेशरसाठी रॅमिप्रिल आहे. रॅमिप्रिल पोटॅशियम वाढवतं, को-ट्रायमॉक्सॅझोलही वाढवतं, आणि आजारपणातून उठलेल्या माणसाला आपल्याकडे रोज काय पाजतात? शहाळं. त्यातही पोटॅशियम भरपूर. तीन बाजूंनी वाढलं तर हृदयाचे ठोके चुकतात. शहाळं सध्या बंद, पेज द्या. यादीत ग्लिमेपिराइडही आहे. सल्फामुळे त्याचा जोर वाढून साखर एकाएकी उतरू शकते. पहाटे घाम फुटला, हात थरथरले तर आधी साखर तपासा. ही दोन्ही नावं पुढच्या खेपेला डॉक्टरांना मुद्दाम वाचून दाखवा. जंतुसंसर्गाचे डॉक्टर आणि मधुमेहाचे डॉक्टर वेगळे असले की अशा गोष्टी दोघांच्या मधल्या फटीत पडतात.

एकदा होऊन गेला म्हणजे परत होत नाही, असं या रोगाचं नाही. त्याची लसही नाही. म्हणून शेताचा प्रश्न रास्त आहे. परवा एकाने मला विचारलं की मग माशेलचा चिखलकाला आणि सांजावाच्या (जूनमधल्या सां जुआंव सणाच्या) विहिरीतल्या उड्या बंद करायला हव्यात का. मुळीच नाही. देवकीकृष्णाच्या मैदानातल्या त्या चिखलात पिढ्यान् पिढ्या पोरं लोळली आहेत, खुशाल लोळोत. पण ज्याला मधुमेह आहे आणि पायाला जखम आहे त्याने कडेला उभं राहून बघावं. चिखलात उतरलंच तर घरी येऊन साबणाने पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या पुसाव्यात, तळवे आरशात बघावेत.

वायंगणाला मात्र वडिलांना यंदा उतरवू नका. गोळ्या जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतील आणि वायंगणाची बहुतेक चिखलाची कामं त्याआधीच येतात. नांगरणी पॉवर टिलरवाल्याला द्या, लावणीला माणसं घ्या, बाबांना मेरेवर खुर्ची टाकून बसवा. सूचना ते तिथून देतीलच. पुढच्या सोरदाला साखर ताब्यात असेल, पायाला भेगा नसतील, तर गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून जाऊ द्या. चिखलात गमबूट रुततात, ते वैतागतील, काढून बांधावर फेकतील. तेव्हा मापाचे, नीट बसणारे घ्या. आणि पुढे कधीही ताप आला तर कोणत्याही इस्पितळात पाऊल टाकताच आजचा कल्चरचा कागद पुढे करा. त्याच्या दोन झेरॉक्स काढून एक त्यांच्या पाकिटात आणि एक तुमच्या गाडीत ठेवा.